तळघराच्या भिंतीमागे घातलेला पडदा

आमच्या सोसायटीच्या तळघरात वाहनतळ आहे आणि त्याच्या पूर्वेकडील भिंतीवर दरवर्षी आषाढात ओलीचे ठिपके उमटत. श्रावण सरेपर्यंत त्या ठिपक्यांच्या धारा होत, आणि पाऊस थांबून दसरा-दिवाळी उलटली तरी त्या आटत नसत. कधीकधी संक्रांतीपर्यंत त्या भिंतीलगतच्या चार गाड्या बाहेर रस्त्यावर उभ्या कराव्या लागत. पुण्यात पाऊस जेमतेम चार महिने पडतो, मग हे पाणी जानेवारीपर्यंत येते कोठून, हा प्रश्न प्रत्येक वार्षिक सभेत निघे आणि चहाच्या कपांबरोबर उचलला जाई. माझ्या नोकरीची बरीच वर्षे धरणांच्या पायांत ग्राउटिंग, म्हणजे भेगांत पातळ मिश्रण दाबून भरण्याचे काम, करून घेण्यात गेली असल्यामुळे निवृत्तीनंतर हा प्रश्न माझ्या गळ्यात पडणे ओघानेच आले. त्यातून जे काम उभे राहिले त्याची नोंद मी येथे करून ठेवत आहे, कारण अशी तळघरे आता शहरभर झाली आहेत आणि भिंतीमागच्या मातीत ग्राउट भरून गळती थांबवण्याचे काम फार थोड्यांनी नीट पाहिलेले असते.

माझ्याकडे काम येण्यापूर्वी तीन वेळा आतून उपाय झाले होते. पहिल्यांदा भिंतीला रासायनिक लेप दिला गेला, दुसऱ्यांदा तो खरवडून जलरोधक गिलावा केला गेला आणि तिसऱ्यांदा भेगांत नोझल ठोकून पीयू म्हणजे पॉलियुरेथेन हे रसायन भरले गेले. तिन्ही वेळा ठेकेदाराने प्रामाणिकपणे काम केले होते असे माझे मत आहे. चूक कामात नव्हती, जागेत होती. भिंतीमागे १ मीटर उंच पाणी साठले की तळाशी दर चौरस मीटरला १ टन दाब पडतो. आतून लावलेल्या लेपाला हा दाब पाठीमागून ढकलत असतो, त्यामुळे लेपाची सारी भिस्त त्याच्या चिकटपणावर राहते. पीयूने भरलेली भेग खरोखरच बंद झाली होती, पण काँक्रीट ओतताना दोन दिवसांच्या कामात पडलेला सांधा, म्हणजे कोल्ड जॉइंट, शेजारीच होता आणि पाण्याने तो धरला. इमारत बांधताना राफ्टखाली, म्हणजे तळाच्या सलग काँक्रीटच्या पायाखाली, आणि भिंतीबाहेरून शहाबादी फरशीचे बॉक्स टाइप वॉटरप्रूफिंग, म्हणजे पेटीसारखे जलरोधक आवरण, केलेले आहे असे जुन्या नकाशात लिहिलेले होते, आणि ते केलेले असावेही. मात्र आडव्या आणि उभ्या फरशीचा कोपरा जेथे मिळतो तेथील सांधा एकदा उकलला की त्या सबंध चिलखताचा उपयोग संपतो.

पाणी जानेवारीपर्यंत का टिकते, याचे उत्तर मला कागदावर एक छेद काढल्यावर मिळाले. आमच्याकडे वर हात-दोन हात काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा कातळ अशी रचना आहे. तळघरासाठी खोदाई करताना ती भिंतीच्या बाहेर आणखी हात-दोन हात रुंद करावी लागते, कारण फर्मे लावायला आणि माणसांना वावरायला जागा हवी असते. भिंत उभी राहिली की ही मोकळी जागा बुजवली जाते, आणि ती कशाने बुजवली जाते हे बांधकामाची साइट पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको. विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, उरलेले काँक्रीट आणि वर चार पाट्या माती. परिणामी कातळात खणलेला एक हौद तयार होतो, त्यात राडारोडा भरलेला असतो आणि मधोमध आपले तळघर बसलेले असते. पावसाचे पाणी या हौदात सहज उतरते, पण कातळातून बाहेर निघायला त्याला वाट नसते. त्याला सापडलेली एकमेव वाट म्हणजे आमची भिंत.

या हौदातील पाण्याची पातळी पाहण्यासाठी आम्ही भिंतीबाहेर ४ मीटर खोल बोअर घेऊन त्यात जाळीदार पाइप उभा केला. एका पावसाळ्यात दर रविवारी सकाळी मी त्यात टेप सोडून नोंद घेत असे. ऑगस्टमध्ये पाणी जमिनीखाली अवघे १.१ मीटर होते आणि तळघराची जमीन ३.४ मीटरवर आहे, म्हणजे भिंतीच्या पायाशी २.३ मीटर उंचीचे पाणी उभे होते. डिसेंबरमध्येही ते १ मीटरहून अधिक होते. या नोंदवहीने माझे जेवढे काम केले तेवढे पुढे कोणत्याही रसायनाने केले नाही.

पाणी पावसाचेच आहे की जवळच्या पाणीपुरवठ्याच्या नळाचे, हेही ठरवायचे होते. खेड्यापाड्यांतून ग्रामपंचायतीचे कर्मचारी करतात तीच ओ.टी. चाचणी आम्ही केली. पाण्यात क्लोरीन असेल तर थेंब टाकताच पिवळा रंग येतो. पिवळा रंग आला असता तर नळगळती जवळजवळ नक्की झाली असती. तो आला नाही, पण त्यावरून नळ निर्दोष ठरत नाही, कारण मातीतून झिरपताना क्लोरीन नाहीसे होते. म्हणून सोसायटीच्या भूमिगत टाकीत रंग टाकून दोन दिवस वाट पाहिली. भिंतीवर रंग उतरला नाही आणि टाकी सुटली.

तिसरी तपासणी सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची होती. भिंतीतून येणारे पाणी बादलीत धरून रात्रभर ठेवायचे आणि सकाळी तळाशी गाळ बसला आहे का ते पाहायचे. पाणी स्वच्छ असेल तर ती केवळ गळती आहे. पाण्याबरोबर माती येत असेल तर भिंतीमागे पोकळी वाढते आहे आणि वरची जमीन केव्हातरी खचणार आहे. २०१९ च्या ऑगस्टअखेरीस कोलकात्याच्या बऊबाजार भागात ईस्ट-वेस्ट मेट्रोचा बोगदा खोदणारे यंत्र पाणी धरलेल्या थराला भिडले, पाण्याबरोबर माती बोगद्यात वाहत आली आणि वरच्या दाटीवाटीच्या गल्ल्यांतील जुनी घरे तडकली, काही कोसळली. २०२२ मध्ये मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये त्याच परिसरात पाणी फुटले आणि घरांना तडे गेले. गंगेच्या गाळाच्या जमिनीत पाणी आणि माती एकमेकांचा हात धरूनच चालतात, आणि तेथे ग्राउटिंग हा घरे आणि माणसे वाचवण्याचा उपाय ठरतो. आमच्या बादलीत नखभर गाळही बसला नाही, तेव्हा मी निश्चिंत झालो. दख्खनच्या कातळाने आम्हाला हौद दिला, पण जमीन सरकू दिली नाही, एवढे त्याचे उपकार मान्य केले पाहिजेत.

आता उपाय. भिंतीबाहेर खणून तिच्या पाठीवर नवा जलरोधक थर देणे हा खरा राजमार्ग, पण पूर्वेकडे भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये दीड मीटर जागा आहे, त्यात वीजमंडळाचा रोहित्राचा चौथरा आहे आणि कुंपणापलीकडे शेजारच्या इमारतीचा जिना. खणणे शक्य नव्हते. उरला तो मार्ग असा की तळघराच्या आतून भिंतीला आरपार भोके पाडायची आणि त्यांतून मागच्या मातीत असा द्रव सोडायचा, जो मातीच्या कणांमधील जागा भरून तेथेच गोठेल आणि भिंतीच्या पाठीला लागून एक अभेद्य पापुद्रा तयार होईल. जर्मनीत या पद्धतीला बुरख्याच्या नावाने ओळखतात. आपल्याकडे धरणाच्या पायाखाली करतात त्या कामाला कर्टन ग्राउटिंग म्हणतात, म्हणून मी याला पडदाच म्हणतो.

जमिनीत काहीतरी दाबून भरण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्समधील दिएप बंदरात १८०२ साली शार्ल बेरिन्यी या अभियंत्याने खचत चाललेल्या जलद्वाराच्या पायाखाली चिकणमाती आणि चुना यांचे मिश्रण पंपाने ठोकून भरले होते. सिमेंट आल्यावर ते खडकांच्या भेगांत भरले जाऊ लागले, आणि आम्ही धरणांवर जे करत होतो ते त्याच परंपरेतील काम. तेथे आधी भोकात दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाबाने पाणी सोडून पाहायचे. दर मीटर लांबीत मिनिटाला १ लिटर पाणी खडकाने घेतले तर ते एक ल्युजाँ. स्विस भूवैज्ञानिक मॉरिस ल्युजाँ यांनी १९३३ मध्ये घालून दिलेले हे माप आजही चालते. खडक किती पाणी पितो हे कळले की तो सिमेंट किती पिईल याचा अंदाज बांधता येत असे. या सवयीमुळेच मला सुरुवातीला वाटले होते की तळघराचे काम म्हणजे धरणाच्या कामाची लहान आवृत्ती. ते तसे नाही. खडकातील भेग ही नळीसारखी असते, तर माती ही चाळणी असते, आणि प्रत्येक मातीची चाळणी वेगळी असते.

येथे थोडे थांबून लिहिणे आवश्यक आहे, कारण बहुतेक फसलेली कामे याच ठिकाणी फसतात. सिमेंटचे ग्राउट पातळ दिसत असले तरी ते पाण्यात तरंगणाऱ्या कणांचे मिश्रण आहे, आणि नेहमीच्या सिमेंटचे मोठे कण ८०-९० मायक्रॉनपर्यंत (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. ते मातीत शिरावे यासाठी मातीतील फटी त्याहून बऱ्याच मोठ्या असाव्या लागतात. अभियंते त्यासाठी एक गुणोत्तर वापरतात: मातीतील वजनाने १५ टक्के कण ज्या व्यासाहून बारीक आहेत तो व्यास, सिमेंटमधील ८५ टक्के कण ज्या व्यासाहून बारीक आहेत त्याच्या निदान २४ पट असेल तर ग्राउट सुखाने शिरते, आणि ११ पटींहून कमी असेल तर शिरतच नाही. सिमेंटचा तो व्यास ५० मायक्रॉन धरला तर मातीचा व्यास १.२ मिलिमीटर हवा, म्हणजे जाडी वाळू किंवा खडी. त्याहून बारीक मातीत नेहमीचे सिमेंट दाबले की त्यातील पाणी पुढे जाते आणि सिमेंट तोंडाशीच दह्यासारखे लागते. अतिसूक्ष्म सिमेंट थोडे आणखी बारीक वाळूपर्यंत पोचते. त्यापुढे कण नसलेला द्रवच हवा. १९२० च्या दशकात ह्यूगो योस्टेन यांनी सोडियम सिलिकेट आणि कॅल्शियम क्लोराइड ही दोन द्रावणे एकामागून एक वाळूत सोडून तिचा दगड करून दाखवला, तेथून रासायनिक ग्राउटचे युग सुरू झाले. आज भिंतीमागच्या पडद्यासाठी बहुधा ॲक्रिलेटचे जेल वापरतात, जे सुरुवातीला पाण्याहून किंचितच दाट असते आणि काही सेकंदांत किंवा मिनिटांत जेलीसारखे गोठते.

काळ्या मातीत मात्र यांपैकी काहीही मुरत नाही. तिच्यातील फटी इतक्या सूक्ष्म असतात की दाब वाढवला तर ग्राउट तिला फाडून जिभेसारखे कोठेतरी निघून जाते आणि दोन जिभांमधला भाग कोरडाच राहतो. अशा वेळी पडदा होत नाही, ठिगळे होतात. त्यातल्या त्यात आशा एवढीच की भिंत आणि माती यांच्या सीमेवर जी केसाएवढी फट असते तिच्यातून जेल पसरते. ज्यांच्या भिंतीमागे निव्वळ काळी माती आहे त्यांना मी हे काम करू नका असेच सांगेन, आणि दोघांना सांगितलेही आहे.

आमच्याकडे काळी माती वरच्या मीटरभरातच होती. खाली राडारोडा आणि मुरूम. म्हणून काम दोन टप्प्यांत करण्याचे ठरले. आधी मोठ्या पोकळ्या सिमेंट आणि बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीच्या मिश्रणाने भरायच्या, आणि मग उरलेल्या बारीक जागांत जेल सोडायचे. जेल थेट पोकळीत सोडले असते तर ते महागडी जेली बनून पोकळीच्या तळाशी बसले असते. मुहूर्त फेब्रुवारीचा धरला, कारण तोवर हौदातील पाणी उतरलेले असते पण माती ओलसर असते. भर उन्हाळ्यात वाळलेल्या मुरमात जेल सोडणे मला पटत नव्हते.

रसायन निवडताना ठेकेदाराशी माझा सर्वांत जास्त वेळ खर्च झाला. आमची बोअरवेल त्या भिंतीपासून १२ मीटरवर आहे आणि मार्च ते जून तिचे पाणी आम्ही वापरतो. जपानमध्ये १९७४ साली एका घराजवळच्या गटाराच्या दुरुस्तीत वापरलेले ॲक्रिलमाइडचे ग्राउट विहिरीत उतरले आणि एका कुटुंबातील पाच जणांना मज्जासंस्थेची विषबाधा झाली. स्वीडनमध्ये हालांडसोस येथील रेल्वे बोगद्यात १९९७ मध्ये याच जातीचे ग्राउट वापरले गेले. तेथे बोगद्यात इतक्या जोराने पाणी येत होते की रसायन गोठण्याआधीच पातळ होऊन वाहून गेले, ओढ्यात मासे मेले आणि त्या पाण्यावरच्या गाई लुळ्या पडल्या. काम थांबले, आणि १९९२ मध्ये सुरू झालेला तो ८.७ किलोमीटरचा बोगदा अखेर २०१५ च्या डिसेंबरमध्ये खुला झाला. ॲक्रिलेट आणि ॲक्रिलमाइड ही नावे सारखी ऐकू येतात, पण रसायने वेगळी आहेत, आणि पिंपात कोणते आहे हे त्यावरचा कागद वाचल्याशिवाय कळत नाही. ठेकेदाराने सुरुवातीला "सगळ्यांचं सारखंच असतं, काका" असे उत्तर दिले होते. मी उत्पादकाचे सुरक्षापत्रक मागवून त्यात ॲक्रिलमाइड नाही याची खात्री करून घेतली, आणि तरीही काम चालू असताना व नंतर दोन महिने बोअरवेलचा पंप बंद ठेवला. बंद पंपाबद्दल मला बरेच ऐकून घ्यावे लागले.

सिमेंटचा टप्पा आम्ही पंप न लावता केला. बाहेरून हौदात पाइप उतरवून नरसाळ्याने पातळ ग्राउट ओतायचे आणि ते आपल्या वजनाने जाईल तेथवर जाऊ द्यायचे. कारण असे की १ किलो दाब हा आकडा काट्यावर किरकोळ दिसतो, पण दर चौरस मीटरला तो १० टन होतो, आणि आमची भिंत जेमतेम ३-४ टनांच्या हिशोबाने बांधलेली. दाट मातीत हा दाब नोझलच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ओसरतो. पाण्याने भरलेल्या पोकळीत तो ओसरत नाही, पोकळीभर जसाच्या तसा पसरतो. भिंत आत ढकलली गेल्याची उदाहरणे मी ऐकून होतो. सिमेंटच्या ६० गोण्या गेल्या, म्हणजे साधारण ४ घनमीटर ग्राउट, आणि तेव्हा प्रथमच त्या भिंतीमागे किती रिकामी जागा होती हे सगळ्यांना कळले.

मग आतून २२ मीटर लांब आणि ३ मीटर उंच पट्ट्यात अर्ध्या-अर्ध्या मीटरवर, एका ओळीआड सरकवून, सुमारे २६० भोके पाडली. आधी सळया शोधणारे यंत्र फिरवून खडूने खुणा केल्या, कारण प्रत्येक कापलेली सळई म्हणजे पुढच्या पिढीसाठी एक गंज. काम तळापासून वर करत जायचे आणि शेजारच्या भोकातून जेल डोकावले की ते भोक बंद करून पुढे सरकायचे. दोन्ही द्रावणे पंपाच्या तोंडाशीच एकत्र येतात, त्यामुळे चुकायला सवड नसते. पंपावरचा मुलगा दर अर्ध्या तासाने एका कागदी कपात थोडा माल घेऊन तो किती सेकंदांत गोठतो ते मोजत असे. सकाळी जे एका मिनिटात गोठे ते दुपारी पस्तीस-चाळीस सेकंदांतच गोठू लागले, आणि त्याने लगेच मात्रा बदलली. त्याचे शिक्षण फारसे झालेले नव्हते, पण कान पंपाच्या आवाजावर असे. सतराव्या खांबाजवळ तो म्हणाला, "साहेब, हे भोक लई माल खातंय, माल कुठंतरी पळतोय." आम्ही बाहेर धावलो तर कुंपणाच्या पायथ्याशी एका उंदराच्या बिळातून गुलाबीसर जेली बाहेर येत होती. ते बीळ सिमेंटने बुजवून पुढे गेलो. धरणावर असे झाले असते तर अहवाल लिहावा लागला असता.

जेल किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. १० सेंटिमीटर जाडीच्या पडद्यासाठी दर चौरस मीटरला १०० लिटर माती भिजवायची, तिच्यात फटी सुमारे ३५ टक्के, म्हणजे ३५ लिटर जेल. ६६ चौरस मीटरला २,३१० लिटर. प्रत्यक्षात २,६०० लिटर गेले. फरक थोडा उंदराचा आणि बाकी माझ्या अंदाजाचा. निम्मेच रसायन वापरून "काम फत्ते" म्हणणाऱ्याकडे संशयाने पाहावे असे मी म्हणेन, कारण त्याने पडदा घातलेला नसतो, ठिपके मारलेले असतात. जमिनीलगतच्या वरच्या हातभरात आम्ही जेल वापरलेच नाही. ते ओले राहिले तरच टिकते, कोरडे पडले की आकसते, आणि उन्हाळ्यात तेवढी माती ठणठणीत वाळते. तेथे कुंपणापर्यंत उताराची फरसबंदी करून पाणी हौदात उतरणेच कमी केले. काही जणांना हा फरसबंदीचा खर्च अनाठायी वाटला. मला तो सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो.

पुढच्या पावसाळ्यात पूर्वेची भिंत कोरडी राहिली. जुलैअखेर लिफ्टच्या खड्ड्यात मात्र प्रथमच वीतभर पाणी आले. अडलेले पाणी हौदातच होते, त्याची पातळी पाइपमध्ये आदल्या वर्षीपेक्षा पाव मीटरने वर गेली होती आणि त्याला राफ्टमधला कच्चा सांधा सापडला होता. हे मी आधी ओळखायला हवे होते. हौदाला एका बाजूने झाकण घातले तर दुसरीकडे निचरा द्यावा लागतो, ही गोष्ट धरणांवर आम्ही कधी विसरत नसू. तेथे ग्राउटच्या पडद्यामागे लगेच निचऱ्याच्या भोकांची रांग असतेच. आम्ही मग निरीक्षणाचा तो पाइप मोठा करून हौदाच्या तळापर्यंत नेला आणि त्यात तरंगत्या स्विचवर चालणारा लहान पंप सोडला. पाणी तळघराच्या जमिनीपेक्षा खाली ठेवायचे आणि उपसलेले पाणी बागेच्या टाकीत. लिफ्टच्या खड्ड्याच्या चारही सांध्यांत पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा जेल भरले.

आज हे लिहीत असताना भाद्रपद चालू आहे. पंप दिवसाकाठी दीड-दोन तास चालतो आणि पाइपमधली पातळी काल ३.६ मीटर होती. सतराव्या खांबामागे तळहाताएवढा एक ओलसर डाग अजून आहे, ज्याच्या खालचे जेल बहुधा त्या बिळातून गेले. त्याची कड मी पेन्सिलीने आखून ठेवली आहे आणि शेजारी तारीख घातली आहे. दोन महिन्यांत तो रेषेबाहेर गेलेला नाही.